सावधान, पुढे पाणी आहे!

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी आम्हाला सेकंड लँग्वेज होती आणि माझे निबंध 'माझा आवडता प्राणी'च्या पुढे फारसे कधी गेलेच नाहीत. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. संपादक मंडळातली मैत्रीण महिनाभर मागे लागली होती, "मराठी विभागाला पानं कमी पडतायत, काहीतरी दे ना!" शेवटी सबमिशनच्या धामधुमीत हा लेख लिहायला बसले.

विषय सांगितला तर रूममेट हसायलाच लागली. विषय होता, घरच्या घरी स्विमिंग पूल बांधायचा तर परवानगी कोणाची लागते! ती म्हणाली, "अगं, सकाळी साडेसातला नळ जातो, आपण बादल्या भरून ठेवतो, आणि तू स्विमिंग पूलवर लिहिणार?" तिचं बरोबर आहे. मलाही आधी हसूच आलं होतं. पण हे पुराण सुरू कसं झालं ते ऐका, मग हसायचं की नाही ते ठरवा.

माझं आजोळ जांब समर्थ. जालना जिल्हा, घनसावंगी तालुका. समर्थ रामदास स्वामींचा जन्म इथलाच, १६०८ सालचा. रामनवमीला गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी वर्षभर आपलं मराठवाड्यातलं साधं गाव: ऊस, कापूस, मोसंबी, आणि दर दोन-तीन वर्षांनी आभाळाकडे बघत बसणं. गेल्या दिवाळीत गेले तेव्हा मामा वाटच बघत होता. थोरला मामेभाऊ पुण्याला नोकरीला. त्याच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे, त्याच्या मुलांना त्याची सवय लागलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मुलं जांबला यायला कुरकुर करतात. म्हणून मामाच्या डोक्यात आलं की शेतातल्या घराशेजारी एक छोटा पूल बांधून टाकावा.

"तू आता इंजिनेर झालीस नं? मंग सांग बरं, ह्याला परमिशन कोन देतं?" मामाने विचारलं.

मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बीमचा बेंडिंग मोमेंट डायग्रॅम काढता येतो, पण हे मला माहीत नव्हतं. "बघून सांगते" म्हणाले आणि खरंच बघायला लागले.

मामाच्या ओळखीचे एक निवृत्त ग्रामसेवक आहेत. सगळे त्यांना अजून भाऊसाहेबच म्हणतात. आता ग्रामसेवकाचं 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय आणि तलाठ्याचं 'ग्राम महसूल अधिकारी', पण गावात जुनीच नावं चालतात. भाऊसाहेबांनी चहा होईपर्यंत मला जे समजावलं ते आमच्या कुठल्याच सबजेक्टला नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "जागा गावठाणात की गटात?"

गावठाणात असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम ५२ बघायचं. गावच्या हद्दीत इमारत बांधायची तर ग्रामपंचायतीची आधी परवानगी लागते. आता पूल ही इमारत आहे का? कायद्यातल्या व्याख्येत झोपडी आहे, भिंत आहे, ओटा आहे, जोतं आहे, अगदी दाराची पायरीसुद्धा आहे. पोहण्याच्या तलावाचं नाव मात्र कुठे नाही. भाऊसाहेब म्हणाले, "बाई, हा कायदा झाला तेव्हा कोणाच्या डोक्यात होतं की जांबला कोणी पूल बांधील!" पण पुलाला भिंती येतात, भोवती फरशीचा ओटा येतो, पंपाची खोली येते. त्यामुळे शहाण्या माणसाने नकाशासकट अर्ज करावा हे उत्तम.

मामाची जागा मात्र गटात, म्हणजे शेतजमिनीत. तिथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ येते. शेतात तुम्ही काय बांधू शकता हे कलम ४१ सांगतं, आणि शेतघर कशाला म्हणायचं त्याचीही व्याख्या आहे: अवजारं, खत, माल ठेवण्याची जागा, गुरांचा निवारा, शेतकऱ्याच्या कुटुंबाचं किंवा गड्याचं राहणं, किंवा शेतीचाच भाग असलेलं दुसरं काही. पोहणं हा शेतीचा भाग नाही. म्हणजे पूल आला की तो वापर अकृषिक, ज्याला आपण सगळे एनए म्हणतो. एनएचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, त्यामुळे कुदळ मारायच्या आधी तहसीलमध्ये जाऊन आजचा नियम विचारून घ्यावा हे भाऊसाहेबांचं म्हणणं मला पटलं. शहरात बांधत असाल तर २०२० च्या डिसेंबरात आलेली, मुंबई सोडून बहुतेक राज्याला लागू असलेली एकत्रीकृत नियमावली आहे. तिथे आर्किटेक्टने काढलेल्या इमारतीच्या नकाशातच पूल दाखवावा लागतो.

इथपर्यंत मला सगळं शिस्तीत वाटलं. पण पुढे गंमत आहे. त्याच महसूल संहितेत जमिनीची 'सुधारणा' म्हणजे काय तेही लिहिलंय, आणि त्यात शेतीसाठी तळं, विहीर, पाट बांधणं येतं. म्हणजे बघा, मामाने शेतात खड्डा खणून पाणी भरलं आणि त्यात त्याची नातवंडं पोहली तर तो अकृषिक वापर. तसाच खड्डा, त्याच्या कितीतरी पट मोठा, मोसंबीसाठी भरला तर ती जमिनीची सुधारणा. तिला परवानगीची कटकट नाहीच, उलट सरकार अनुदान देतं!

मी तक्रार करत नाहीये. शेततळ्याला अनुदान मिळायलाच पाहिजे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळताना ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे सांगायला नको. आपल्या जिल्ह्यातलं कडवंची गाव पाणलोटाच्या कामावर आणि शेततळ्यांवर उभं राहिलं, द्राक्षं पिकवायला लागलं, बाहेरची माणसं ते बघायला येतात. २०१६ च्या फेब्रुवारीत 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तिच्यात जास्तीत जास्त ५०,००० रुपये मिळायचे. २०२२ पासून मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत ही मर्यादा ७५,००० झाली. मामाचं तळं त्यातूनच झालं, आणि त्याची मोसंबी आज उभी आहे ती त्या तळ्यामुळेच.

मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. पुलाच्या आणि तळ्याच्या सगळ्या नियमांमधून गेले आणि मनात दोनच प्रश्न राहिले: पाणी येणार कुठून? आणि काठावरून लेकरू आत पडलं तर ते बाहेर कसं येणार? जागा कोणाची, वापर कसला, लांबी किती, रुंदी किती, हे सगळं तपासलं जातं. पण पाण्याने माणूस अडचणीत येतो तो या दोन प्रश्नांपाशी.

पहिला प्रश्न आधी घेऊ, कारण त्यात गणित आहे आणि गणित आपल्याला आवडतं (निदान पास होण्यापुरतं!). मामाचा पूल धरा १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल. म्हणजे ७५ घनमीटर, ७५,००० लिटर. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाणी धरलंय. पाच जणांच्या घराला २७५ लिटर. म्हणजे हा एक पूल भरायचं पाणी एका घराला जवळपास नऊ महिने पुरेल. बरं, एकदा भरलं की झालं असंही नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला ८ ते १० मिलीमीटर नुसत्या वाफेने उतरते. पुलाचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर, म्हणजे दिवसाला कमीत कमी ४०० लिटर हवेत. रूममेटच्या भाषेत सांगायचं तर वीस लिटरच्या वीस बादल्या, रोज.

आता तळं बघा. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल, बाजूचा उतार एकास एक. म्हणजे तळाशी २४ बाय २४. सर्व्हेइंगमधलं प्रिस्मॉयडल सूत्र लावा, उत्तर येतं २,१९६ घनमीटर. जवळजवळ बावीस लाख लिटर! मामाच्या पुलासारखे एकोणतीस पूल त्यात मावतील. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. त्या पहिल्या गाडीत साधारण पाच लाख लिटर पाणी होतं. भरलेल्या एका तळ्यात तशा चार गाड्या आहेत. हे पाणी पावसाचं असेल, ओढ्याला वाहून जाणारं अडवलेलं असेल, तर देवासारखं. पण पुष्कळ ठिकाणी हिवाळ्यातच विहिरीत नाहीतर बोअरमध्ये मोटर सोडून जमिनीखालचं पाणी वर काढतात आणि तळ्यात भरून ठेवतात. जमिनीखाली ते झाकलेलं होतं आणि सगळ्या शिवाराचं होतं. वर आल्यावर ते एकट्याचं झालं, आणि भरलेल्या तळ्यातून ऐन उन्हाळ्यात दिवसाला सात हजार लिटर उडूनही जायला लागलं. २००९ चा महाराष्ट्र भूजल कायदा आहे, तो २०१४ पासून लागूही झाला. पण शेजाऱ्याची विहीर आटली की माणूस कायद्याचं पुस्तक उघडत नाही, टँकरची वाट बघतो.

मोठ्या शहरांनाही हा प्रश्न सुटला नाही. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरला पाणी संपत आलं तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने स्विमिंग पूलमध्ये पिण्याचं पाणी वापरायला बंदी घातली आणि ५,००० रुपये दंड ठेवला. म्हणजे पूल झाले, मुलं पोहली, आणि विचार मागून आला. आपल्या जालना जिल्ह्यात वर्षाला साधारण ६५० ते ७०० मिलीमीटर पाऊस पडतो. इथे तरी विचार आधी व्हायला हवा. पुलाला सरसकट बंदी घाला असं माझं म्हणणं नाही. फिल्टर प्लांट नीट चालवला तर तेच पाणी फिरवून फिरवून खूप काळ वापरता येतं. तो नसेल तर पाणी हिरवं होतं आणि परत परत टाकून द्यावं लागतं. तेव्हा परवानगीच्या अर्जात पाण्याचा उगम, फिल्टरची सोय आणि टाकलेलं पाणी कुठे सोडणार, हे तीन रकाने असावेत, आणि तो अर्ज ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. आपल्या गावात कोणाच्या बोअरला किती पाणी आहे हे गावाला अधिकाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. घराच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवून कोणी पूल भरणार असेल, तर त्याला हार घालून परवानगी द्या!

आता दुसरा प्रश्न. हा लिहिताना मला हसता येत नाही.

मामाकडे एक सालगडी आहे, बायको-मुलांसकट शेतातच राहतो. त्याची मुलगी नऊ वर्षांची. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. दिवाळीच्या आधीच्या उन्हाळ्यात ती दुपारची घागर घेऊन तळ्यावर गेली. घागर भरताना पाय सरकला. तिला पोहता येत नव्हतं. आपल्याकडे मुलगे विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात, मुलींना कोणी विहिरीत उतरू देत नाही. ती वाचली कारण मोटरचा काळा पाइप तिच्या हाताला लागला. पाइपला धरून ती ओरडत राहिली आणि तिची आई मोसंबीतून धावत आली. आईने पाइप ओढला आणि तिला वर घेतलं. पाइप आदल्या दिवशी काढून ठेवला असता तर? त्या घरात हा प्रश्न अजून कोणी मोठ्याने विचारत नाही. पेपरमध्ये दर उन्हाळ्यात आतल्या पानावर चार ओळी येतात, 'शेततळ्यात बुडून मुलाचा मृत्यू'. आपण पान उलटतो. मीही उलटायचे. एवढंच काय, त्याच तळ्याच्या काठावर उभी राहून मी आदल्या वर्षी सेल्फी काढला होता. मागे निळं आभाळ, निळं पाणी, एकदम फॉरेन! मी सिव्हिलची विद्यार्थिनी, पण उताराकडे माझं लक्षही गेलं नाही.

त्या उताराबद्दल थोडं सांगते, कारण हे फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचं गणित आहे आणि आपण ते फक्त पंधरा मार्कांसाठी सोडवतो. तळ्याला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. शेतकरी त्याला 'कागद' म्हणतात. "तळ्याला कागद टाकला का?" असं विचारतात. उतार एकास एक, म्हणजे ४५ अंश. ४५ अंशाच्या उतारावर न घसरता उभं राहायचं तर पाय आणि कागद यांच्यातला घर्षण गुणांक निदान १ पाहिजे. उतार दीडास एक केला तरी ०.६७ पाहिजे. ओल्या, शेवाळलेल्या प्लास्टिकवर तो त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे पाय सरकला की माणूस थांबत नाही. आणि एकास एक उतारावर पाच फूट आत गेलं की पाणी पाच फूट खोल. चार फुटांचं लेकरू काठापासून दोन पावलांवर बुडतं. मुख्य गोष्ट अशी की पट्टीचा पोहणारासुद्धा एकट्याने बाहेर येऊ शकत नाही. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात. नदीला काठ असतो. कागदाच्या तळ्याला धरायला काहीच नसतं. म्हणून कित्येकदा वाचवायला उडी मारणाराही जातो.

या कागदाला भारतीय मानक आहे, आयएस १५३५१. पुलाच्या वॉटरप्रूफिंगला मानक आहे, आयएस ६४९४. पुलातल्या पाण्याच्या गुणवत्तेला आयएस ३३२८ आहे. पाणी झिरपू नये, पाणी खराब होऊ नये याची काळजी आपण नंबर देऊन घेतली. लेकराची काळजी मात्र 'पोरांना तळ्याकडे जाऊ देऊ नका' या एका वाक्यावर सोडली. मामानेही त्या दिवशी हेच वाक्य म्हटलं होतं.

माझी एक मावशी सिडनीला राहते. तिच्या घरामागे छोटा पूल आहे. फोनवर तिला विचारलं तर म्हणाली, "पूल बांधणं सोपं गं, कुंपणाचंच जास्त असतं." तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९९२ चा स्विमिंग पूल कायदा आहे. ३० सेंटीमीटरपेक्षा खोल पाणी धरणाऱ्या पुलाला १.२ मीटर उंचीचं कुंपण लागतं, फाटक आपोआप बंद झालं पाहिजे, त्याची कडी लहान मुलाच्या हाताला लागता कामा नये. घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं तर पुलाचं सर्टिफिकेट दाखवावं लागतं. फ्रान्सने २००३ च्या जानेवारीत कायदा केला: घरच्या जमिनीतल्या पुलाला कुंपण, अलार्म, झाकण किंवा छत, चारपैकी एक तरी पाहिजेच. या देशांना पाण्यापेक्षा काठाची काळजी जास्त आहे, असं मला हे वाचताना वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, "झालं! आणखी एक एनओसी, आणखी चार चकरा, आणखी कोणाचातरी चहापाण्याचा खर्च." हा आक्षेप खरा आहे. नियम वाढले की चकरा वाढतात हे गावात लहान पोरालाही माहीत आहे. म्हणून मी नवीन एनओसी मागत नाहीये. शेततळ्याचं अनुदान तसंही काम झाल्यावर, मोजमाप करून मिळतं. सूचना कागदावर कितीही असोत, पैसे अडतात ते मोजमापावर. त्याच भेटीत आणखी एक फोटो घ्या. फोटोत तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. एक, चारही बाजूंनी काठावर खुंट्याला बांधलेले, गाठी मारलेले जाड दोर, पाण्यात तळापर्यंत सोडलेले. दोन, हवा भरलेली एक जुनी ट्यूब आणि लांब बांबू. तीन, कुंपण. जाळीचं कुंपण महाग पडतं हे मान्य. तळ्याचा घेर १२० मीटरच्या वर जातो आणि अनुदान आधीच तोकडं आहे. जाळी परवडत नसेल तर बाभळीच्या काट्यांचं करा. आपल्या आजोबांनी गुरांसाठी केलंच होतं ना? आणि पाणी भरायला जायची एकच वाट ठेवून तिथे पायऱ्या करा. पूल असो की तळं, नियम एकच असावा. पाण्याला कळत नाही की आपण कृषिक आहोत की अकृषिक.

रामनवमीच्या गर्दीत मी लहानपणी ऐकलेली गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. लग्नाच्या मांडवात भटजींनी 'सावधान' म्हटलं आणि बारा वर्षांचा नारायण सावध होऊन निघून गेला, अशी समर्थांची गोष्ट परंपरा सांगते. तो शब्द तर प्रत्येक लग्नात म्हणतात, ऐकला एकानेच. 'सावधान, पाणी खोल आहे' अशी पाटी तळ्यावर लावून सुटता येणार नाही, कारण घागर घेऊन येणाऱ्या लेकराला कदाचित वाचता येत नसेल. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून आलेली मुलं याच बांधांवर खेळत असतात. सावध व्हायचं ते तळ्याच्या मालकाने, आणि बिल काढणाऱ्याने.

मामाचं काय झालं? पुलाचा नकाशा काढताना मी त्याला सहज विचारलं, "मामा, पुलाला कुंपण करायचं ना?" तो लगेच म्हणाला, "करायचंच की. लेकरं येनार पुन्याहून." मग आम्ही दोघंही गप्प झालो. घरापासून तळं दोनशे फुटांवर, आणि तिथे त्या उन्हाळ्यानंतरही काही केलेलं नव्हतं. मामा वाईट माणूस नाही. त्या पोरीच्या शाळेच्या वह्या तोच आणतो. पण धोका आपल्या घरातल्या लेकराचा असला की लवकर दिसतो, हे मामाचं झालं तसं माझंही झालं होतं. माझ्या नकाशात पुलाचं कुंपण होतं. तळं त्या नकाशात नव्हतंच.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मामा, सालगडी आणि मी असे तिघांनी चार दोर बांधले. घरात पडलेला नायलॉनचा दोर, ट्रॅक्टरची जुनी ट्यूब, लोखंडी खुंट्या. हातभर अंतराने गाठी मारल्या. निम्मा दिवस गेला, विकत काहीच आणावं लागलं नाही. ती पोरगी काठापासून लांब उभी राहून बघत होती. शेवटी तिने एक दोर ओढून बघितला, पक्का आहे का म्हणून. काट्याचं कुंपण मामाने डिसेंबरात केलं, फोनवर सांगितलं. पुलाचं अजून ठरलेलं नाही. तीन रकाने मी त्याला लिहून दिलेत. पाण्याच्या रकान्यापाशी तो अडलाय, आणि मला वाटतं अडलेलाच बरा.

तेव्हा मित्रांनो, आपल्या हॉस्टेलमध्ये निम्मी मुलं-मुली शेतकऱ्यांच्या घरची आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या तळ्यावर एक चक्कर मारा. दोर आहे का बघा, नसेल तर बांधा. एनएसएसच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. आपल्या शिबिरात रस्ते झाडतो, भिंती रंगवतो, पथनाट्य करतो, ते सगळं चांगलंच आहे. यंदाच्या शिबिरात ज्या गावाला जाऊ तिथल्या प्रत्येक तळ्याला चार दोर बांधू या का? सिव्हिलची मुलं गाठी आणि खुंट्या बघतील, मेकॅनिकलची मुलं वर्कशॉपमध्ये खुंट्या करतील, आणि कॉम्प्युटरवाल्यांनी, हो तुम्हीसुद्धा, निदान दोर ओढून बघावा!

बघा, पटतंय का. आणि पटलं नाही तरी दोर बांधाच.